अतिया फैजींचा रोजनामचा आणि आपली परदेशातली पोरं

आमच्या मलकापुरातून कोणाचा मुलगा परदेशी निघाला की मोहल्ल्यात त्याच्याबद्दल तीनच प्रश्न विचारले जातात. व्हिसा किती वर्षांचा? पगार किती? घर कधी बांधणार? तो तिथे काय खातो, कोणत्या भाषेत बोलतो, ताप आला तर पाण्याचा ग्लास कोण देतं, जुम्याची नमाज पढून खोलीवर आल्यावर उरलेला दिवस कसा काढतो, हे कोणी विचारत नाही. अम्मी विचारते. पण तिला फोनवर उत्तर एकच मिळतं, "सब ठीक है."

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या वर्गातून गेलेली पोरं आज रियाध, दम्माम, कुवैत, दोहा अशा ठिकाणी आहेत. कोणी एसीचं काम करतो, कोणी गाडी चालवतो, कोणी दुकानात हिशोब बघतो. दोन-चार जण शिकायला युरोपात गेले. त्यांच्या जगण्याची कुठे नोंद नाही. उद्या कोणी मलकापूरच्या मुसलमानांचा इतिहास लिहायला बसला तर त्याला नव्या घरांचे स्लॅब दिसतील, पण ज्या माणसांनी ते स्लॅब घातले त्यांची तिथली वर्षं कुठे सापडणार नाहीत. हा विचार मनात येतो तेव्हा मला एक जुना रोजनामचा आठवतो. तो लंडनमध्ये लिहिला गेला, उर्दूत लिहिला गेला आणि लिहिणारी आपल्या मुंबईची होती. तिचं नाव अतिया फैजी.

उर्दू वाचणाऱ्यांना हे नाव माहीत असतं, पण फार वेगळ्या कारणाने. अल्लामा इकबाल आणि मौलाना शिबली नोमानी यांची पत्रं ज्यांना आली त्या अतिया बेगम, एवढीच त्यांची ओळख आपण ठेवली. मोठ्या माणसांच्या चरित्रात एक तळटीप. त्या स्वतः कोण होत्या, कशाला विलायतेला गेल्या, तिथे काय शिकल्या, हे मागेच राहिलं. मराठीत तर त्यांची चर्चा फारशी होत नाही. म्हणून आधी त्यांची ओळख करून देतो.

अतिया यांचा जन्म १८७७ चा, इस्तंबूलचा. वडील हसनअली हे तिथे व्यापार करायचे. घराणं सुलेमानी बोहऱ्यांचं, आई तय्यबजी कुटुंबातली. मुंबईचे पहिले मुसलमान बॅरिस्टर आणि १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच गोतातले. या कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एक निर्णय घेतला होता. घरात गुजराती चालायची, तिच्या जागी त्यांनी उर्दू आणली. दुसरी एक रीत त्यांनी पाडली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. घरात एक मोठी वही असायची. तिला ते 'अखबार' म्हणायचे. घरातली बायका-पुरुष-पोरं आणि आलेले पाहुणे त्यात लिहायचे. कोण आलं, कोण गेलं, कोणाला दात आला, कोण आजारी पडलं, कोणी कुठला प्रवास केला. अलिबागजवळच्या किहीमला या कुटुंबाची घरं होती, तिथेही अशी वही होती. म्हणजे लिहिणं ही या घरात विद्वानांची गोष्ट नव्हती. जेवल्यावर हात धुवावेत तसं ते रोजचं होतं.

तीन बहिणींपैकी नाझली बेगम यांचं लग्न जंजिऱ्याचे नवाब सिदी अहमद खान यांच्याशी झालं होतं. त्यामुळे मुरुडच्या किनाऱ्याशीही या बहिणींचं नातं जुळलं. दुसऱ्या बहिणीचं नाव जोहरा. आणि तिसऱ्या अतिया. या बहिणी उर्दू मासिकांत, साप्ताहिकांत लिहायच्या, मुलींच्या तालीमीच्या कामात भाग घ्यायच्या. तालीमीचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. १९०६ मध्येच अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ यांनी मुलींची शाळा सुरू केली. पण शाळा काढली तरी शिकवायला बाई कुठून आणायची? ही अडचण सगळीकडे होती. अतिया यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली ती याच कामासाठी, शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेण्यासाठी. १९०६ च्या सप्टेंबरमध्ये त्या लंडनला पोहोचल्या. वय एकोणतीस, लग्न झालेलं नव्हतं. महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, बद्रुद्दीन तय्यबजी यांचं त्याच शहरात निधन झालं होतं. घरातल्या मोठ्या माणसाचा दुखवटा ताजा असताना ही तरुण बाई त्या शहरात राहायला आली, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

त्यांना प्रवेश मिळाला तो मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजमध्ये. हे कॉलेज १८७८ मध्ये निघालं. माध्यमिक शाळांत शिकवू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी इंग्लंडमध्ये सुरू झालेलं हे पहिलं प्रशिक्षण कॉलेज. अतिया आल्या तेव्हा ते लंडनच्या ब्रॉन्ड्सबरी भागात होतं आणि ॲलिस वुड्स या प्राचार्य होत्या. आज आपण ज्याला बीएड म्हणतो त्याच जातीचं हे शिक्षण. माझ्यासारख्या बीएड झालेल्या माणसाला वाचताना गंमत वाटते की महाराष्ट्रातल्या एका मुसलमान बाईने एकशेवीस वर्षांपूर्वी हा रस्ता धरला होता, आणि आमच्या बीएडच्या पुस्तकांत फ्रोबेल, पेस्टालॉझी सगळे होते, त्या मात्र कुठे नव्हत्या.

लंडनला पोहोचल्यापासून अतिया रोजनामचा लिहू लागल्या आणि तो घरी बहिणीला पाठवू लागल्या. तिथून तो लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या साप्ताहिकात छापून येऊ लागला. हे साप्ताहिक १८९८ मध्ये सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी बायकांसाठी सुरू केलं होतं. संपादक मुहम्मदी बेगमच होत्या. १९२१ मध्ये हा मजकूर 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपाने आला. तहसील म्हणजे इथे आपलं तहसील कार्यालय नव्हे! तहसील म्हणजे मिळवणं, इल्म मिळवणं. 'शिकण्याचे दिवस' असा त्याचा साधा अर्थ. २०१० मध्ये शिव्हॉन लँबर्ट-हर्ली आणि सुनील शर्मा यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे इतिहासाच्या अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. परक्या देशात जुळवून घेणं म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे याची दोन ठरीव उत्तरं आहेत. एक, 'तो तिकडे जाऊन बिघडला.' दोन, 'तो तिकडे जाऊनही जसाच्या तसा राहिला, माशाल्लाह.' खरी माणसं या दोन्हींत बसत नाहीत. ती रोज सकाळी उठून एकेका गोष्टीचा वेगळा फैसला करतात. हे धरायचं, ते सोडायचं, यात थोडा बदल करायचा.

कपड्यांचंच बघा. अतिया यांनी लंडनमध्ये मेमसाहेबांचा झगा घातला नाही. तसाच चेहराही झाकला नाही. तय्यबजी-फैजी घराण्यातल्या बायकांनी पर्दा हळूहळू सैल करत आणला होता. अतिया आपला हिंदुस्थानी पेहराव करत, डोक्यावरून झिरझिरीत वस्त्र घेत आणि चेहरा उघडा ठेवत. रस्त्यावर लोक वळून बघायचे. घरच्या जुन्या वळणाच्या माणसांना हा पेहराव अर्धा वाटला असेल आणि लंडनच्या लोकांना विचित्र. पण तो त्यांनी स्वतः ठरवलेला होता.

मराठी वाचकांना इथे आनंदीबाई जोशी आठवतील, आठवल्याच पाहिजेत. अतिया यांच्या तेवीस वर्षं आधी, १८८३ मध्ये, अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्या अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीचं काय करायचं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, थंडी अंगात शिरते. मग त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी राहिली, नेसण बदललं. पुण्या-मुंबईत त्यावरही बोलणारे होतेच. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. वर्षसुद्धा पुरं झालं नाही. थंडी, न मानवणारं जेवण आणि आजार यांनी त्यांचं शरीर पोखरलं होतं. परदेशात जुळवून घेण्याची किंमत कधी कधी अशीही मोजावी लागते. 'मुलगा सेट झाला' म्हणताना आपण हे विसरतो.

जेवणाचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं घ्या. त्या १८८३ मध्येच इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी धर्म बदलला, ख्रिस्ती झाल्या. महाराष्ट्रात गदारोळ उठला. पण त्या शाकाहारीच राहिल्या, जन्मभर. धर्म बदलला पण ताटातलं बदललं नाही, हे आपल्या ठरीव उत्तरांत कुठे बसतं? रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या अनुभवांवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, ते १८८९ मध्ये आलं. म्हणजे त्यांनीही लिहिलं. हा धागा पुढे लागणार आहे.

आता इबादतीचं बघू. अतिया लंडनला पोहोचल्या त्या वर्षी रमजान ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागला. त्या दिवसांत लंडनला साडेचार-पाचलाच सूर्य मावळतो. रोजा लहान, पण शहरात अजान नाही, सेहरीला उठवणारा नाही, संध्याकाळी खजूर-भजी घेऊन येणारी शेजारीण नाही. लंडनहून चाळीसेक किलोमीटरवर वोकिंग इथे १८८९ मध्ये बांधलेली मशीद होती. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे एकेकाळचे प्राचार्य डॉ. लाइटनर यांनी भोपाळच्या शाहजहाँ बेगम यांच्या मदतीतून ती उभी केली होती. पण १८९९ मध्ये लाइटनर वारले आणि ती मशीद जवळपास बंद पडली. ख्वाजा कमालुद्दीन यांनी ती पुन्हा नांदती केली ती १९१३ च्या सुमारास. म्हणजे अतिया यांच्या काळात लंडनमधल्या मुसलमानाला आपला दीन स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या घड्याळावर सांभाळावा लागायचा. आज आखातातल्या आमच्या पोरांना पाच वेळा अजान ऐकू येते. तरीही घरची ओढ कमी होत नाही. मला वाटतं यातून एक गोष्ट कळते. मजहब एक असला म्हणून परका देश घर होत नाही. घर व्हायला बोली लागते, चव लागते, ओळखीचा आवाज लागतो. मशिदीतला इमाम अरबीत खुतबा देतो, सुपरवायझर दुसऱ्याच भाषेत ओरडतो आणि खोलीत केरळचा, नेपाळचा, बांगलादेशचा, पेशावरचा माणूस असतो. मग सगळ्यांची मिळून एक मोडकी हिंदी-उर्दू तयार होते. मलकापूरच्या पोराची उर्दू तिथेच पहिल्यांदा खरोखर कामाला येते. एका माजी विद्यार्थ्याने मला फोनवर सांगितलं, "सर, इथे मला सगळे हैदराबादी समजतात. मी सांगतो, महाराष्ट्राचा आहे, मराठी येते. तर हसतात, मुसलमानाला मराठी?" हा प्रश्न आपल्याला पुण्यातही विचारला जातो. फरक एवढाच की तिथे उत्तर द्यायला तो एकटा असतो.

एकटेपणावर अतिया यांच्यापाशी उपाय होते, हे कबूल केलं पाहिजे. त्या श्रीमंत, नावाजलेल्या घराण्यातल्या. लंडनमध्ये त्यांना घराण्याच्या ओळखी होत्या, नॅशनल इंडियन असोसिएशनसारखी संस्था होती. तिच्या सचिव मिस बेक हिंदुस्थानी विद्यार्थ्यांना घरी बोलवायच्या. त्यांच्याच घरी १ एप्रिल १९०७ ला अतिया आणि इकबाल यांची भेट झाली. इकबाल तेव्हा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात होते आणि बॅरिस्टरीही करत होते. त्या उन्हाळ्यात इकबाल जर्मनीत हायडेलबर्गला असताना अतिया तिथेही जाऊन आल्या. लोकांनी यातून फक्त किस्से काढले. मला यात दिसतात ती घरापासून दूर असलेली, विशीतली दोन तरुण माणसं, ज्यांना आपल्या भाषेत वाद घालायला कोणीतरी हवं होतं. परदेशात आपली बोली बोलणारा भेटला की माणूस तासन् तास बोलतो. हे समजायला इकबाल असावं लागत नाही. दम्मामच्या कॅम्पमध्ये खामगावचा माणूस भेटला तरी तेच होतं.

आता त्या लोकांकडे वळतो ज्यांच्यापाशी मिस बेक नव्हती. त्या काळी मुंबई ते इंग्लंड प्रवास पी अँड ओ कंपनीच्या बोटींनी होत असे. या बोटींवरची डेकची कामं करणारे खलाशी मोठ्या संख्येने कुठले होते? आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. खाली इंजिनाच्या भट्टीवर पंजाबी आणि पठाण, वर जेवण वाढायला गोव्याचे ख्रिस्ती आणि डेकवर कोकणी मुसलमान, अशी वाटणीच होती. म्हणजे ज्या मार्गाने अतिया गेल्या, आनंदी-रमाबाईंच्या नंतरचे कित्येक मराठी बॅरिस्टर गेले, त्याच मार्गाने आपली कोकणी-मराठी बोलणारी मुसलमान पोरं दर वर्षी लंडनच्या गोदीत उतरत होती. त्यांना लस्कर म्हणत. बोट सुटेपर्यंत आठवडेच्या आठवडे ती गोदीजवळच्या वस्तीत राहायची. थंडीत पातळ कपड्यांत, इंग्रजी न येता. कित्येक जण फसवले गेले, कित्येक रस्त्यावर आले. त्यांचे हाल इतके वाढले की १८५७ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात अशा परदेशी खलाशांसाठी एक मोठं वसतिगृह उघडावं लागलं. महाराजा दुलीपसिंग यांनीही त्याला देणगी दिली होती. ते १९३७ पर्यंत चाललं. ऐंशी वर्षं! या ऐंशी वर्षांत तिथे किती माणसं राहिली, झोपली, आजारी पडली, वारली. त्यांच्याबद्दल लिहिलं कोणी? पाद्र्यांनी लिहिलं, पोलिसांनी लिहिलं, कंपनीच्या कारकुनांनी लिहिलं. त्यांनी स्वतः मागे ठेवलेलं जवळजवळ काही नाही.

आपल्या वऱ्हाडाचंही असंच आहे. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे भुसावळहून मलकापूरमार्गे नागपूरकडे सरकली, त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून लिव्हरपूलला गेला. मलकापूरच्या मातीतला कापूस माणसांच्या कितीतरी आधी परदेशी गेला. त्या कापसाच्या गाठींची वजनं, भाव, तारखा सगळं सरकारी दप्तरात आहे. ज्यांनी तो वेचला त्या बायांचं एक वाक्य नाही. दप्तर मालाची नोंद ठेवतं. माणसाची नोंद माणसालाच ठेवावी लागते.

म्हणून मला अतिया यांचा रोजनामचा मोठा वाटतो. त्यांनी फार खोल तत्त्वज्ञान लिहिलं म्हणून नव्हे. त्यांची उर्दू बोलण्यातली, मुंबईच्या घरातली. दरबारी थाट नाही. कॉलेज, बागा, दुकानं, मेजवान्या, भेटलेली माणसं, असं रोजचं. पण वाचणाऱ्या कोण होत्या? लाहोर, दिल्ली, लखनौ, भोपाळच्या, पर्द्यातल्या, घराचा उंबरा क्वचित ओलांडणाऱ्या बायका. त्यांच्या हातात दर आठवड्याला एक अंक पडायचा आणि त्यात त्यांच्यासारखीच कोणी एक मुसलमान बाई परक्या शहरात वर्गाला जाते आहे, रस्ता ओलांडते आहे, थकते आहे, नवं काही पाहून खूश होते आहे. एका बाईचा प्रवास हजारो घरांत पोहोचला. आणि लिहिणारीलाही त्याचा आधार होता. दिवसभर जे डोळ्यांवर आदळलं ते रात्री आपल्या भाषेत मांडायचं, बहिणीला समजेल असं सांगायचं. हे करताना माणसाला स्वतःलाच कळतं की मला काय आवडलं, काय खटकलं, मी कुठे बदललो. मी वर्गात निबंध लिहायला सांगतो तेव्हा हेच बघतो. मूल लिहायला लागलं की त्याला आपलं म्हणणं सापडतं.

रोजनाम्यातली आणखी एक गोष्ट आपल्या मोहल्ल्याने ऐकली पाहिजे. अतिया यांनी तो अभ्यासक्रम पूर्ण केला नाही. १९०७ मध्ये प्रमाणपत्र न घेता त्या परतल्या. आपल्या हिशोबाने हे अपयश! सरकारी शिष्यवृत्ती, विलायतेचं कॉलेज आणि हातात कागद नाही. आज असा मुलगा परतला तर त्याला काय काय ऐकावं लागतं ते मी पाहिलं आहे. आखातातून सात महिन्यांत परत आलेला एक मुलगा दिवसा घराबाहेर पडत नसे. लोक विचारायचे, "क्यों भाई, चले नहीं वहाँ?" एजंटने सांगितलेलं काम वेगळं होतं, प्रत्यक्ष दिलेलं वेगळं, उन्हात बारा बारा तास. घरच्यांनी व्हिसासाठी उसने घेतलेले पैसे डोक्यावर. तो परत आला हीच त्याची हिंमत होती. पण त्याच्या सात महिन्यांची किंमत कोणी केली नाही, कारण त्यातून स्लॅब पडला नाही.

अतिया यांचं एक वर्ष मात्र वाया गेलं नाही, कारण ते लिहिलेलं होतं. त्या पुढे १९०८ मध्ये नाझली बेगम आणि नवाबांबरोबर पुन्हा युरोपला गेल्या. त्या प्रवासावर नाझली बेगम यांनी 'सैर-ए-यूरोप' लिहिलं. एका बहिणीने वाट पाडली, दुसरी त्यावरून चालली. १९१२ मध्ये अतिया यांनी पुण्याच्या बेने इस्राएल समाजातले चित्रकार सॅम्युएल रहामीन यांच्याशी लग्न केलं. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि आपल्या नावाला फैजी जोडलं. हिंदुस्थानी संगीतावर अतिया यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. फाळणीनंतर हे जोडपं कराचीला गेलं. तरुणपणी लंडनमध्ये परकं असणं एक वेळ सोपं होतं, परतायला मुंबई होती. सत्तरीत कराचीत नव्याने रुजणं तसं नव्हतं. शेवटची वर्षं हलाखीत गेली. १९६७ मध्ये त्या तिथेच वारल्या. एका आयुष्यात इस्तंबूल, मुंबई, लंडन, कराची. या चारही शहरांत त्या कधी पूर्ण आपल्या होत्या आणि कधी पूर्ण परक्या, हे ठरवणं अवघड आहे.

काही वाचक म्हणतील, सर, त्या बड्या घरच्या, आमची पोरं मजूर. तुलना कशी होईल? बरोबर आहे. अतिया यांच्याकडे वेळ होता, खोली होती, छापणारं साप्ताहिक होतं. इकामा मालकाच्या कपाटात असलेल्या आणि एका खोलीत आठ जण झोपणाऱ्या मुलाकडे यातलं काही नाही. पण एक गोष्ट त्याच्याकडे आहे जी रत्नागिरीच्या त्या खलाशाकडे नव्हती. तो दहावी झालेला आहे. त्याला लिहिता येतं, उर्दूत येतं, मराठीत येतं. दहावीच्या त्या सर्टिफिकेटमुळे पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शिक्का बसत नाही, एवढाच तिचा उपयोग आपण केला. हातात फोन आहे, त्यावर तो रोज बोलतो, व्हॉइस मेसेज पाठवतो. पण आवाज फोन बदलला की जातो. दहा वर्षांपूर्वी एखाद्या मुलाने पहिल्या रमजानला अम्मीला पाठवलेला संदेश आज कोणाकडे आहे?

यावर मी जे करतो आहे ते सांगून थांबतो. ते फार मोठं नाही. नववीच्या मुलांना मी दर वर्षी एक काम देतो. घरातलं किंवा नात्यातलं जे कोणी बाहेरदेशी आहे किंवा राहून आलं आहे, त्याला पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं त्याच्याच शब्दांत वहीत लिहायची. पहिल्या रात्री कुठे झोपलात? पहिल्यांदा स्वतः काय शिजवलं? तिथे कोणता नवा शब्द शिकलात? कोणती सवय सुटली? कोणती सोडायला नकार दिला? पगाराचा प्रश्न विचारायचा नाही. मुलं आधी कुरकुर करतात, मग लिहून आणतात. एका मुलीच्या वालिदांनी सांगितलं होतं की त्यांनी तिथे पोळी लाटायला शिकून घेतली आणि घरी आल्यावर कोणाला सांगितलं नाही, लोक हसतील म्हणून. चौदा वर्षं तिथे काढलेल्या माणसाची ही गोष्ट त्यांच्या घरातही कोणाला माहीत नव्हती. तिच्या अम्मीला ती त्या वहीतून कळली.

त्या वह्या मी जपून ठेवतो. तुमच्या घरातही असं कोणी असेल. सुट्टीवर येईल तेव्हा दस्तरखान उचलल्यावर त्याच्यापुढे एक वही ठेवा. अतिया यांच्या घरातली 'अखबार'ची वही याहून वेगळी नव्हती.